दरवाजे बंद झाल्यापासून इंजिने थांबेपर्यंत: प्रवाशांच्या सुरक्षेबाबत वैमानिकाची जबाबदारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजचे प्रवासी विमान बहुतेक वेळ ऑटोपायलटवर उडते, मार्ग आधीच आखलेला असतो, उंची आणि दिशा हवाई वाहतूक नियंत्रक सांगतात, आणि बिघाड झालाच तर पुढे काय करायचे तेही संगणक पडद्यावर दाखवतो. मग प्रवाशांच्या सुरक्षेसाठी वैमानिक नेमका कशाकशाला जबाबदार असतो, आणि ही जबाबदारी कोठे सुरू होऊन कोठे संपते? अनेक वर्षे कॅप्टन म्हणून उड्डाणे केल्यावर आणि त्यानंतर सिम्युलेटरमध्ये नव्या कॅप्टनांना शिकवल्यावर मला हा प्रश्न मुळीच भाबडा वाटत नाही. खांद्यावर चौथी पट्टी चढते त्या दिवशी खुद्द वैमानिकालाही त्याचे पूर्ण उत्तर ठाऊक असतेच असे नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण त्यातले शब्द फार मोजून वापरलेले आहेत. १९४४ च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टानुसार, विमानाचे दरवाजे बंद झाले की आतील प्रवासी, कर्मचारी आणि माल यांच्या सुरक्षेची जबाबदारी पायलट-इन-कमांडवर, म्हणजे व्यवहारात कॅप्टनवर, येते. विमान उड्डाणासाठी हलायला सज्ज झाल्यापासून ते शेवटी थांबून इंजिने बंद होईपर्यंत त्याच्या संचालनाची जबाबदारीही त्याचीच. दुसरे परिशिष्ट त्याला नियम पाळायला बांधते आणि त्याच वेळी, सुरक्षेसाठी नितांत आवश्यक असेल तर, नियमापासून दूर जाण्याची मुभाही देते. विमानाचे काय करायचे याचा अंतिम अधिकार त्याच परिशिष्टाने कॅप्टनकडे सोपवला आहे. नियंत्रकाने एखादी उंची किंवा दिशा दिली आणि ती स्वीकारली तर विमान वादळी ढगात शिरणार असेल, तर रेडिओवर ‘अनेबल’ (हे करता येणार नाही) एवढा एकच शब्द पुरतो. हा शब्द वेळेवर उच्चारण्याचे धैर्य मात्र परिशिष्टातून येत नाही.

माझ्या मते या जबाबदारीचा गाभा शौर्यात नाही, पर्याय हातात असतानाच निर्णय घेण्यात आहे. पुढे जे सांगणार आहे ते सारे याच एका धाग्यावर बेतलेले आहे, आणि म्हणून त्यातला बराचसा भाग विमान जमिनीवर असतानाचा आहे.

पहिला निर्णय वैमानिक स्वतःविषयी घेतो. वैद्यकीय तपासणी वर्षातून एकदा होते, वयाच्या साठीनंतर सहा महिन्यांनी होते, आणि व्यावसायिक प्रवासी उड्डाणांत पासष्टी ही शेवटची मर्यादा असते. वर्षातून दोनदा कौशल्याची परीक्षा, बहुधा सिम्युलेटरमध्ये, द्यावी लागते. पण या तपासण्यांच्या मधल्या सगळ्या दिवसांत, आज मी उडण्यास योग्य आहे की नाही, हे ज्याचे त्यालाच ठरवायचे असते. सर्दीने कान बंद झालेले, घरात आजारपणामुळे दोन रात्री झोप नसलेली, मनात काही सलणारे असताना ‘आज मी योग्य नाही’ असे कळवणे, हे प्रवाशांना कधीही न दिसणारे पण त्यांच्या सुरक्षेचे पहिले काम आहे. कामाच्या तासांचे नियम थकव्यावर फक्त वरची मर्यादा घालतात. नियमात बसणारा माणूसही झोपेने पेंगुळलेला असू शकतो.

मग कागद समोर येतात: हवामान, धावपट्ट्यांविषयीच्या सूचना, विमानाचा टेक लॉग (बिघाड आणि दुरुस्तीची नोंदवही), आणि इंधन. इंधनाचे गणित बाहेरच्या माणसाला रुक्ष वाटेल, पण मला विचाराल तर कॅप्टनची पारख येथेच होते. मुक्कामापर्यंतचे इंधन, त्यावर अनपेक्षित खर्चासाठी साधारण पाच टक्के, मुक्कामी उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यापुरते, आणि या सगळ्याच्या तळाशी अंतिम राखीव, म्हणजे जेट विमानासाठी १५०० फुटांवर तीस मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे. हे झाले किमान. त्यावर किती घ्यायचे ते कॅप्टन ठरवतो. जादा इंधनाचे वजन वाहून नेण्यासाठीही इंधनच जळते, त्यामुळे ते कमी घेण्याकडे प्रत्येक कंपनीचा कल असतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र मुक्कामी पहाटे धुक्याची शक्यता आहे, पर्यायी विमानतळही त्याच हवामानाच्या पट्ट्यात आहे, आणि आपण पोचू त्या वेळी तेथे विमानांची गर्दी असते, हे तीन कागद शेजारी ठेवून वाचणे हे संगणकाचे काम नाही. अशा पहाटेसाठी मी वीस-पंचवीस मिनिटांचे जादा इंधन हातचे राखून घेत असे. दहापैकी नऊ वेळा धुके येत नसे आणि ते इंधन तसेच परत खाली उतरे. दहाव्या वेळी मला घाई करावी लागत नसे.

पर्याय संपले की काय होते याचे उदाहरण म्हणजे २५ जानेवारी १९९० चे अवियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे उड्डाण. न्यू यॉर्ककडे निघालेल्या या बोइंग ७०७ ला खराब हवामानामुळे तीनदा थांबवून ठेवण्यात आले, सगळे मिळून तासाभराहून अधिक. वैमानिकांनी इंधन संपत असल्याचे सांगितले, प्राधान्य मागितले. पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द वापरला नाही. पहिला उतरण्याचा प्रयत्न फसला, दुसऱ्यापर्यंत इंधन पुरले नाही, आणि विमानातील १५८ पैकी ७३ जण दगावले. आज यासाठी ठरावीक शब्द आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे यापुढे विलंब झाला तर अंतिम राखीव साठ्याला हात लागू शकतो; ‘मेडे फ्युएल’ म्हणजे तो लागणारच आहे, आम्हाला आत्ता उतरवा. नव्या वैमानिकांना मी हे शब्द मोठ्याने उच्चारायला लावतो, कारण आपल्यावर ही वेळ आली आहे हे मान्य करणेच बहुतेकांना सर्वांत जड जाते.

विमानाभोवती मारायची फेरी हा असाच दुर्लक्षित विषय. पाऊस असो वा ऊन, दोघांपैकी एक वैमानिक टॉर्च घेऊन खाली उतरतो: टायर, ब्रेक, इंजिनाची पाती, गळती, पंखांवरचे बर्फ, आणि वेग व उंची मोजणारी ती इवलीशी छिद्रे. ऑक्टोबर १९९६ मध्ये एरोपेरूचे एक बोइंग ७५७ धुतल्यानंतर त्याच्या स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली. उड्डाणापूर्वीच्या फेरीतही ती कोणाच्या लक्षात आली नाही. रात्री समुद्रावर गेल्यावर उंची आणि वेगाचे आकडे खोटे निघू लागले आणि विमानातील ७० जणांपैकी कोणीही वाचले नाही. म्हणून मी शिकवतो की त्या छिद्रांकडे नजर टाकायची नाही, त्यांच्यासमोर थांबायचे.

बिघाड असलेले विमान न्यायचे की नाही, यासाठीही एक मान्य यादी असते: काय बंद असताना, किती दिवस आणि कोणत्या अटींवर उडता येते हे तीत लिहिलेले असते. या यादीत बसले म्हणजे विमान न्यायलाच हवे असे मात्र नाही. एका यंत्रणेचा बिघाड यादीत बसतो, दुसऱ्याचाही बसतो, आणि त्या रात्रीच्या हवामानात दोन्ही मिळून बसत नाहीत, ही शक्यता पाहणे कॅप्टनचे काम आहे.

दरवाजे बंद होण्याआधी केबिन क्रूशी होणारे बोलणे चार-पाच मिनिटांचे असते, पण त्याची किंमत मला ८ जानेवारी १९८९ च्या, इंग्लंडमधील केगवर्थ येथील अपघाताच्या अहवालातून कळली. त्या बोइंग ७३७ च्या डाव्या इंजिनाचे एक पाते तुटले, वैमानिकांनी चुकून उजवे इंजिन बंद केले, आणि कॅप्टनने प्रवाशांना उजव्या इंजिनात दोष असल्याचे सांगितले. डाव्या बाजूच्या ज्वाळा कित्येक प्रवाशांनी आणि केबिन क्रूमधील काहींनी पाहिल्या होत्या. घोषणा आणि डोळ्यांना दिसलेले यातली विसंगती कॉकपिटपर्यंत कोणी पोचवली नाही, आणि धावपट्टीच्या अलीकडेच विमान कोसळून ४७ जणांचा मृत्यू झाला. कॅप्टनला काय दिसत नाही हे सांगणे आपले कामच आहे, आणि ते सांगितल्याबद्दल आपल्यावर कोणी डाफरणार नाही, हा विश्वास केबिन क्रूच्या मनात उड्डाणाआधीच निर्माण करावा लागतो. प्रवाशांनाही एक विनंती: तुम्हाला पंखावर किंवा इंजिनाजवळ काही विचित्र दिसले तर संकोच न करता क्रूला सांगा. दहा वेळा ते क्षुल्लक निघेल, आणि चांगला कॅप्टन दहाही वेळा आभारच मानेल.

आता धावपट्टीवर येऊ. प्रत्येक उड्डाणासाठी वजन, वारा, तापमान आणि धावपट्टीची लांबी यांवरून व्ही-वन नावाचा एक वेग काढलेला असतो. त्याआधी इंजिन बंद पडले तर विमान उरलेल्या धावपट्टीत थांबू शकते. त्यानंतर थांबायचा प्रयत्न केला तर ते धावपट्टीच्या पलीकडे जाण्याचा धोका असतो, उलट एका इंजिनावर उडणे सुरक्षित असते. बहुतेक कंपन्यांत विमान सहवैमानिक उडवत असला तरी धाव घेताना शक्तीच्या दांड्यांवर हात कॅप्टनचा असतो. ‘व्ही-वन’ अशी हाक आली की तो हात उचलला जातो. ही हालचाल पाहायला मामुली आहे. पण तिचा अर्थ असा की थांबण्याचा पर्याय आता संपला, आणि घाबरलेल्या हाताने सवयीने दांड्या मागे ओढू नयेत म्हणून तो हात तेथून काढूनच घेतला. साधारण ८० किंवा १०० नॉट वेगाच्या पुढे आग, इंजिन बंद पडणे किंवा विमान उडूच शकणार नाही अशी खात्री, एवढ्याच कारणांसाठी थांबायचे. एखादा किरकोळ दिवा लागला म्हणून नाही. सिम्युलेटरमध्ये आम्ही हे पुन्हा पुन्हा घडवतो, कारण प्रत्यक्षात विचाराला एक-दोन सेकंदच मिळतात. खरे तर विचार आधीच, उड्डाणपूर्व ब्रीफिंगमध्ये, होऊन गेलेला असतो.

उड्डाणाच्या सुरुवातीला आणि शेवटी, १०,००० फुटांखाली, कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलायचे नाही हा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये आला आणि आता जवळजवळ सगळीकडे पाळला जातो. या काळात केबिन क्रूही निव्वळ सुरक्षेच्याच कारणासाठी फोन करतात. प्रवाशांच्या कॉफीची चौकशी दहा हजार फुटांपर्यंत थांबू शकते.

वर चढताना केबिनमधला हवेचा दाब टिकवणे ही यंत्रणेची कामगिरी असली तरी ती चालू आहे की नाही हे पाहणे वैमानिकाचे काम. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस ५२२ च्या दाबनियंत्रणाची कळ आदल्या दुरुस्तीनंतर ‘मॅन्युअल’वर राहिली होती, आणि तीन वेगवेगळ्या चेकलिस्टमधूनही ती निसटली. चढताना भोंगा वाजला तेव्हा तो जमिनीवर, धाव घेण्याआधीची विमानाची मांडणी चुकल्यास मिळणारा इशारा आहे असे वैमानिकांना वाटले, कारण दोन्ही इशाऱ्यांचा आवाज एकच होता. प्राणवायूअभावी शुद्ध हरपली आणि इंधन संपेपर्यंत विमान उडत राहून १२१ जण मरण पावले. चेकलिस्ट वाचताना ओठ हलतात पण डोळे कळीकडे जात नाहीत, हा दोष मी उत्तम वैमानिकांतही पाहिला आहे, माझ्यासकट.

दाब अचानक गेला तर काय होते हे प्रवाशांना ठाऊक असावे, कारण तेव्हा कॉकपिटमधून काही क्षण चिडीचूप असते. पस्तीस हजार फुटांवर प्राणवायूशिवाय माणसाला उपयोगी अशी शुद्ध साधारण तीस ते साठ सेकंद राहते. म्हणून वैमानिक आधी स्वतःचे मास्क चढवतात, एकमेकांचा आवाज येतो आहे ना ते पाहतात, आणि मग विमान झपाट्याने १०,००० फुटांकडे, किंवा खाली डोंगर असतील तर त्यांच्या वरच्या सुरक्षित उंचीकडे, उतरवतात. तुमच्या मास्कमधला प्राणवायू थोड्याच मिनिटांपुरता, या उतरणीपुरताच असतो. त्या वेळात घोषणा झाली नाही तर वैमानिक तुम्हाला विसरले असे समजू नका. विमान उडवणे आधी, कोठे न्यायचे ते नंतर, आणि बोलणे त्यानंतर, हा आमच्या कामाचा क्रम आहे.

मधल्या शांत टप्प्यात वैमानिक काय करतात हे पुष्कळदा विचारले जाते. एक वाक्य सांगतो: आत्ता काही झाले तर कोठे जायचे, हे प्रत्येक घटकेला ठरलेले असावे. जवळचा विमानतळ कोणता, तेथले हवामान कसे, धावपट्टी पुरेल का, रात्री तो उघडा असतो का. प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला तर विमानातील डॉक्टरचे आणि जमिनीवरील वैद्यकीय सेवेचे मत कॅप्टन ऐकतो. पण विमान वळवायचे की नाही हे तोच ठरवतो, कारण अनोळखी विमानतळावर वादळात उतरणे हीसुद्धा सर्व प्रवाशांच्या जिवाची गोष्ट असते.

सीटबेल्टच्या दिव्याबद्दल प्रवासी कुरकुर करतात. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे सिंगापूर एअरलाइन्सचे ३२१ हे विमान म्यानमारवरून जात असताना ०.६ सेकंदात गुरुत्वाचा जोर अधिक १.३५ जीवरून उणे १.५ जीवर गेला. बेल्ट न लावलेली माणसे छताला आदळली, एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. दिवा लावणे वैमानिकाच्या हाती असते, बेल्ट तुमच्या. आणि दिवा विनाकारण तासन्‌तास चालू ठेवला तर लोक त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, म्हणून तो बंद करणे हाही एक जबाबदारीचा निर्णय असतो.

उपद्रवी प्रवाशांच्या बाबतीत १९६३ चा टोकियो करार कॅप्टनला स्पष्ट अधिकार देतो. वाजवी कारण असेल तर तो अशा व्यक्तीला बांधून ठेवण्यासह आवश्यक उपाय करू शकतो, क्रूला मदतीचा आदेश देऊ शकतो, प्रवाशांना मदतीची विनंती करू शकतो, आणि पुढच्या मुक्कामी त्या व्यक्तीला उतरवून देऊ शकतो किंवा पोलिसांच्या हवाली करू शकतो. प्रवाशांसाठी शब्द विनंतीचा आहे, आदेशाचा नाही, हे लक्षात घ्यावे. २००१ नंतर कॉकपिटचे दार मजबूत आणि बंद असते, त्यामुळे कॅप्टन स्वतः भांडण सोडवायला येणार नाही. तो केबिन प्रमुखाच्या शब्दावर निर्णय घेतो.

कॉकपिटमध्ये दोघे असतात याचाही सुरक्षेशी थेट संबंध आहे. एक उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो; नियंत्रण देताना आणि घेताना दोघेही ते स्पष्ट शब्दांत बोलून दाखवतात. पण लक्ष ठेवणारा बोललाच नाही तर ही सारी रचना पोकळ ठरते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरील विमानतळाच्या धुक्यात केएलएमच्या अनुभवी कॅप्टनने परवानगी नसताना धाव सुरू केली. समोरचे पॅन-ॲमचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली, ती झटकून टाकली गेली, आणि ५८३ माणसे गेली. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, पोर्टलंडजवळ युनायटेड १७३ चा कॅप्टन चाकांच्या बिघाडात इतका गुंतला की सुमारे तासभर घिरट्या घालताना इंधन संपले. सहकाऱ्यांनी सुचवले होते, पण आडून आडून. त्यातूनच १९७९ मध्ये नासाच्या कार्यशाळेत क्रू रिसोर्स मॅनेजमेंटची, म्हणजे सगळ्या क्रूने मोकळेपणाने बोलून एकत्र निर्णय घेण्याची, कल्पना आकाराला आली आणि १९८१ मध्ये युनायटेडने तिचे प्रशिक्षण सुरू केले. वरिष्ठापुढे बोलू नये हा संस्कार ज्यांच्यात घट्ट रुजलेला असतो अशा सहवैमानिकांना मी एकच करायला लावतो: दोनदा सुचवूनही फरक पडला नाही तर तिसऱ्यांदा सुचवायचे नाही, नियंत्रण हाती घ्यायचे. आणि कॅप्टनला सांगतो की पहिल्याच उड्डाणाला सहवैमानिकाला विचारा, ‘माझे काय चुकते आहे असे वाटले तर कसे सांगशील?’ या प्रश्नाने वातावरण बदलते.

उतरण्याच्या वेळी मात्र प्रश्न अहंकाराचा होतो. बहुतेक कंपन्यांचा नियम असा, की ढगांतून येताना धावपट्टीच्या वर १००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर विमान स्थिर असले पाहिजे: चाके आणि फ्लॅप्स खाली, वेग ठरलेला, उतरण्याचा दर मर्यादेत, इंजिनांची शक्ती योग्य. नाहीतर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढून नव्याने येणे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात असे दिसले, की अस्थिर अवस्थेतील सुमारे ९७ टक्के विमाने तरीही उतरवली जातात. बहुतेक वेळा सारे निभावते आणि म्हणूनच ती सवय होते. धावपट्टीबाहेर घसरणारी विमाने त्या उरलेल्या वेळांची असतात.

एकदा मागून जोराचा वारा होता आणि नियंत्रकाने आम्हाला उशिरापर्यंत उंच ठेवले होते. हजार फुटांवर वेग ठरल्यापेक्षा वीस नॉट जास्त होता. धावपट्टी समोर लखलखीत दिसत होती, आणि मला आतून खात्री होती की पाचशे फुटांपर्यंत सगळे जागेवर येईल. सहवैमानिक शांतपणे म्हणाला, ‘अनस्टेबल, गो-अराउंड.’ मी शक्ती वाढवली, नाक वर केले, आणि बारा मिनिटांनी पुन्हा येऊन नीट उतरलो. उतरताना एका प्रवाशाने वैतागून विचारले, ‘पहिल्यांदाच का नाही उतरवले?’ मी सांगितले, ‘तेव्हा सारे नीट जमून आले नव्हते.’ त्याला ते पटले नसावे. गो-अराउंड झाला की तुमच्या विमानात काही तरी भयंकर होता होता वाचले असे समजण्याचे कारण नाही. वैमानिकाकडे पर्याय शिल्लक होता आणि तो त्याने वापरला, एवढेच घडलेले असते.

शेवटचा आणि सर्वांत अवघड निर्णय म्हणजे विमान रिकामे करण्याचा आदेश. प्रमाणपत्र मिळवताना विमानाला दाखवावे लागते की अर्ध्या दारांतून सगळे लोक ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. पण आदेश दिला की दारातून खाली सोडलेल्या फुगीर स्लाइडवरून घसरताना काहींचे पाय मोडणार, हेही कॅप्टनला ठाऊक असते. १९ ऑगस्ट १९८० रोजी रियाधहून निघालेले सौदियाचे १६३ हे विमान आगीमुळे परत फिरले आणि सुखरूप उतरले. त्यानंतर ते लगेच थांबले नाही, थांबल्यावर इंजिने लगेच बंद झाली नाहीत, आणि इंजिने बंद झाल्यावर तेवीस मिनिटांनी दार उघडले तेव्हा ३०१ पैकी एकही जण जिवंत नव्हता. २२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरमध्ये धाव घेताना आग लागलेल्या एका विमानाचे उड्डाण रद्द करून ते धावपट्टीवरून बाजूला वळवले गेले, वाऱ्याने आगीचा झोत विमानाच्या धडावर आला आणि ५५ जण मुख्यतः धुराने गेले. तेव्हापासून आम्ही शिकवतो की धावपट्टी मोकळी करण्याची चिंता नंतर. आधी थांबा आणि वारा कोठून आहे ते पाहा.

याउलट ४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटास ३२ चे इंजिन हवेत फुटले आणि कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी ४६९ जणांसह ते ए-३८० सिंगापूरला उतरवले. तेव्हा गरम झालेल्या ब्रेकजवळ इंधन गळत होते आणि एक इंजिन काही केल्या बंद होत नव्हते. कोणालाही वाटेल की तत्काळ सगळ्यांना बाहेर काढावे. त्यांनी तसे केले नाही: बाहेर इंधनाची तळी आणि चालू इंजिन, आत मात्र आग नव्हती. अग्निशमन दलाने फेस मारला आणि जवळजवळ तासाभराने प्रवासी एका दाराच्या शिडीवरून उतरू लागले. कोणालाही इजा झाली नाही. आदेश देणे जितके धैर्याचे, तितकेच तो न देणेही असू शकते. दोन्हींसाठी बाहेर काय आहे हे आधी कळावे लागते.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या ५१६ या विमानाची तटरक्षक दलाच्या विमानाशी धडक झाली, तेव्हा आग लागल्याचे वैमानिकांना आधी केबिन क्रूने सांगितले. उद्घोषणा यंत्रणा बंद पडली होती, आठपैकी तीनच दारे वापरता आली, आणि तरीही सर्व ३७९ जण बाहेर आले. कॅप्टन सगळ्यांत शेवटी, आत कोणी राहिले नाही याची खात्री करून, उतरला. दुसऱ्या विमानातील सहापैकी पाच जण मात्र वाचले नाहीत. ज्या प्रवाशांना आपल्या बॅगा वरच्या कप्प्यात सोडाव्या लागल्या, त्यांनी त्या सोडल्या, हेही त्यात मोजले पाहिजे.

इंजिने थांबली की कायद्याने कॅप्टनची संचालनाची जबाबदारी संपते, पण टेक लॉग अजून उघडाच असतो. उतरताना धक्का जोराचा बसला असेल तर तो लिहायचा, मग विमान तपासणीसाठी थांबले तरी चालेल. चढताना एकदाच आलेला आणि नंतर न दिसलेला इशाराही लिहायचा. हजार फुटांवर अस्थिर होतो म्हणून फिरलो, हेही कळवायचे. त्या वहीचे पान मी नेहमी सही करण्याआधी दुसऱ्यांदा वाचत असे, कारण तासाभराने तेच विमान घेऊन निघणारा कॅप्टन त्याच पानावरून सुरुवात करणार असे.